एसीच्या पाण्यावर लौझच्या डोंगराकडे

यंदाची थंडी तोंडावर आली आहे, आणि आमच्या दवाखान्यातल्या मुली मला विचारू लागल्या आहेत, की तबूकला बर्फ बघायला जायचंय, तुम्ही जाऊन आलात ना, काय काय न्यायचं ते सांगा. मी सांगते: जाड मोजे, मोठा थर्मास, आणि गाडीच्या वायपरच्या टाकीत थंडीत न गोठणारं ते निळं पाणी. मोजे आणि थर्मास त्या मोबाइलमध्ये लिहून घेतात. निळ्या पाण्याला हसतात. सौदीत कुठलं पाणी गोठतंय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसतं. माझ्या घरातही एक गृहस्थ असेच हसले होते. त्या हसण्याची ही हकीकत आहे. प्रवासवर्णन म्हणून वाचायला हरकत नाही, कारण प्रवास भरपूर झाला.

दम्माम

माझे अब्बा रत्नागिरीचे. बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात त्यांची हयात गेली. लोखंडी डब्यांत पाणी भरायचं, डबे खाऱ्या गार पाण्याच्या टाकीत सोडायचे, लादी झाली की बाहेर काढायची, यंत्रात घालून तिचा भुगा करायचा आणि तो फावड्याने मच्छीच्या होड्यांवर टाकायचा. घरी आले की अंगाला अमोनियाचा आणि मासळीचा मिळून एक वास यायचा. लहानपणी मला वाटायचं, बर्फाला वासच तसा असतो.

इतका बर्फ हाताखालून गेलेल्या या माणसाची हौस काय, तर बर्फ पाहायचा! आपोआप वरून पडणारा. कुणी न बनवलेला. दर वर्षी काश्मीरचं ठरायचं आणि दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. माझं नर्सिंगचं शिक्षण, भावाचं घर, मग अम्मीचं दुखणं. अम्मी गेल्यावर त्यांनी तो विषय काढणंच सोडलं.

मी इथे एका खासगी दवाखान्यात डोळ्यांच्या विभागात नर्स आहे. रोज परक्यांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालते. आणि माझ्या सख्ख्या बापाचा काचबिंदू कळला तो गेल्या थंडीत, ते व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे आले तेव्हा. गावाकडे म्हातारपणाची नजर म्हणून चष्म्याचे नंबर बदलत राहिले होते. तपासणीच्या यंत्रासमोर मीच त्यांना बसवलं. बाजूचे दिवे पेटत होते, विझत होते, आणि अब्बा बटण दाबत नव्हते. मला वाटलं, त्यांना समजलं नसेल. मी पुन्हा समजावून सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "समजला मना. पन दिवा तर लागूंदे."

कडेकडेची नजर गेली होती. समोर खिडकीएवढं उरलं होतं, आणि तेही जाणार होतं. आमचे डॉक्टर हैदराबादचे, भला माणूस. अब्बांनी त्यांना विचारलं, "डॉक्टरसाब, कितना टाइम है?" ते म्हणाले, "चाचा, दवा डालते रहो. साल भर तो कहीं नहीं जाता. आगे अल्लाह मालिक." अब्बांनी नाडीचे ठोके मोजल्यासारखी मान हलवली आणि बाहेर येऊन चहा मागितला.

आधी उमरा करून आलो. जेद्दामार्गे मक्का. काब्यासमोर अब्बा कितीतरी वेळ नुसते उभे राहिले, मग म्हणाले, आता काय बघायचा राहिला नाय. मी म्हटलं, चला, ही एक गोष्ट तरी वेळेवर झाली. पण परत आल्यावर एका संध्याकाळी माझी मुलगी झोया सोफ्यावर मोबाइल बघत होती. तबूकच्या डोंगरावर लोक एकमेकांवर बर्फ फेकत होते, एक जण बर्फाच्या ढिगावर दल्ला, म्हणजे अरबी किटली, ठेवून कॉफी ओतत होता. अब्बांनी मोबाइल नाकासमोर धरला.

"ह्यो कुठचा?"

"सौदीका ही है, नाना. जबल अल-लौझ."

अब्बांनी मोबाइल परत दिला. माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "लांब हाय काय गो?"

लांब म्हणजे अख्खा सौदी आडवा ओलांडायचा. पण माझा नवरा इरफान तिथल्या तिथे म्हणाला, "काढू की गाडी!" हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते, कारण पुढे त्याच्या बाजूचं फारसं काही नाही. कफीलकडे, म्हणजे ज्याच्या नावावर इथला व्हिसा असतो त्या मालकाकडे, नाक घासून त्याने सुट्टी मिळवली. अब्बांचं परतीचं विमान आठवड्याच्या शेवटी होतं आणि व्हिसाही त्याच सुमारास संपत होता. म्हणजे संधी एकच.

आता एसीचं पाणी. इरफान गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात काम करतो. त्या गोदामात वायपरच्या निळ्या पाण्याचे कॅन छताला टेकेपर्यंत रचलेले असतात. आणि आमच्या घरी बाल्कनीत एसीच्या नळीखाली बादली असते. त्या बादलीत ठिबकलेलं पाणी इरफान तेलाच्या रिकाम्या कॅनमध्ये साठवतो. कुंड्यांना तेच, इस्त्रीत तेच, गाडीच्या वायपरच्या टाकीत तेच, वर झोयाच्या शाम्पूचं एक टोपण. पाहुणे आले की कौतुकाने दाखवतो. "डिस्टिल्ड आहे, डिस्टिल्ड! ना क्षार, ना डाग. दम्मामचं नळाचं पाणी घाला, महिन्याभरात भोकं चोंदतील." आणि यात खोटं काही नाही, हीच तर त्या पाण्याची तऱ्हा. दम्माममध्ये ते अगदी उत्तम चालतं.

निघण्याच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "वर थंडी आहे, टाकीत ते निळं घालायचं का?"

तो हसला. "सौदीत ते विकायला असतं गं, वापरायला नाही."

अब्बाही हसले. जावयाची काटकसर त्यांना फार आवडते.

हाईल

पहिल्या दिवसाचं फार लिहीत नाही. रियाधपर्यंत वाळू, रियाधनंतर वाळू. पेट्रोल पंप, त्याला चिकटून मशीद, मशिदीला चिकटून बकाला, म्हणजे किराण्याचं दुकान, बकाल्याला चिकटून यमनी हॉटेल, आणि कितीही गेलं तरी पुन्हा तेच चौघे शेजारी. आमच्याकडे घाट उतरताना प्रत्येक वळणावर गाव बदलतं, बोली बदलते, वड्याबरोबरची चटणी बदलते. इथे चटणीसुद्धा बदलत नाही.

अब्बा पुढे बसले होते. त्यांना समोरचं तेवढं दिसत होतं, म्हणून पुढची सीट त्यांची हे ठरूनच गेलं होतं. पुढची काच हीच त्यांची खिडकी. मी आणि झोया मागे. गाडी चालवायचं लायसन्स माझ्याकडेही आहे, पण लांबच्या रस्त्याला इरफान स्टिअरिंग सोडत नाही.

बुरैदा सोडल्यावर पाऊस लागला. वाळवंटातला पाऊस म्हणजे वरून पडणारा चिखल. पुढच्या ट्रेलरच्या चाकांतून तांबडा राडा उडायचा आणि काच एका क्षणात बंद. मग इरफान दांडा ओढायचा, एसीच्या पाण्याच्या दोन धारा उडायच्या, शाम्पूचा फेस, वायपर, आणि काच लख्ख. "बघा अब्बा! डाग राहिला का?" अब्बा म्हणायचे, "झकास." सासरा-जावई दर ट्रेलरमागे एकमेकांचं कौतुक करत हाईलला पोचले.

हाईल मला आवडलं. इथले लोक थंडीचे शौकीन आहेत. मेंढीच्या कातड्याचे लांब झगे, फरवा म्हणतात त्याला, ते घालून रस्त्याकडेला शेगडी मांडून बसतात आणि जाणाऱ्यायेणाऱ्याला चहाला बोलावतात. आमच्या कोकणातही बोलावतात, पण आधी तुम्ही कुणाचे कोण हे विचारून घेतात. इथे चहा आधी. एका अफगाणी भट्टीवर आम्ही तमीस घेतली, टोपलीएवढी रोटी, आणि बरोबर तेल-जिरं घातलेलं फूल, म्हणजे आपल्या वालाच्या उसळीची थोरली बहीण. अब्बा म्हणाले, यात खोबरं असता तर आपलाच. रात्री भाड्याच्या खोलीत त्यांनी डोळ्यांत थेंब घालताना मला विचारलं, "पडताना आवाज येतो काय गो त्याचा?"

मी म्हटलं, मला काय माहीत, मी कुठे पाहिलाय.

तबूक

दुसऱ्या दिवशी दुपार उलटल्यावर तबूकला पोचलो. शहर छान आहे, रुंद रस्ते, गुलाबांचे वाफे, आणि हाडं फोडणारा वारा. पाऊस थांबला होता. राहायला जागा मिळेना, कारण अर्धा सौदी बर्फ बघायला आलेला. शेवटी एक भाड्याची खोली मिळाली. गाडी उघड्यावर लावावी लागली.

जेवायला गेलो तिथे मांदी, म्हणजे मटणाचा भात, वाढणाऱ्या यमनी माणसाने इरफानला विचारलं, लौझला का? मग त्याने हातवारे करून सगळं सांगितलं. काल पडला, आज रात्री पुन्हा पडेल, उद्या ऊन. ऊन आलं की गर्दी येते, गर्दी आली की पोलीस वरचा रस्ता बंद करतात. म्हणून सकाळी, बदरी, बदरी. बदरी म्हणजे लवकर. अब्बांना अरबी येत नाही, पण हा शब्द त्यांनी उचलला. खोलीवर परत येईपर्यंत "बदरी, बदरी" म्हणत होते. झोया हसून म्हणाली, "नाना तो एकदम बच्चे बन गए."

सकाळी फजरच्या नमाजानंतर पाहिलं तर अब्बा तयार. दाढी कातरलेली, इस्त्रीचा कुर्ता, त्यावर इरफानचं जुनं जाकीट, डोक्याला मफलर. ईदला असतात तसे. खिशातून चष्मा काढून पुसत होते, परत ठेवत होते, परत काढत होते.

डोंगराची वाट

खाली आलो तर गाडी पांढरी. काचेवर कालचा तांबडा राडा होताच, त्यावर रात्रीचं दंव गोठून बसलेलं. झोयाने नखाने त्यावर आपलं नाव लिहिलं. सगळे खूश. हा बर्फ बघा, म्हणजे तिकडे किती असेल!

इरफानने गाडी सुरू केली आणि दांडा ओढला. आत मोटर गुरगुरली. पाणी नाही. पुन्हा ओढला. पुन्हा गुरगुर. तिसऱ्यांदा तीही बंद. वायपर लावले तर ते काचेला चिकटलेले, एकाचं रबर उसवून लोंबायला लागलं. बॉनेट उघडलं. टाकीत पाहिलं तर आत एक अखंड लादी. स्वच्छ, पारदर्शक, ना क्षार, ना डाग. टाकी एका कडेने उललेली.

अब्बा वाकले, तोंड अगदी जवळ नेलं, बोटाने ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "लादी चांगली धरलीय." कारखान्यातल्या सवयीने म्हणाले ते. त्यात टोमणा नव्हता. पण मला हसू आलं नाही आणि इरफानलाही नाही.

निळं पाणी विकणारी दुकानं त्या वेळी उघडलेली नव्हती. वाट पाहावी की निघावं? इरफान म्हणाला, पुसून घेऊ आणि निघू, वाटेत पंपावर मिळेल. खोलीवरून कोमट पाणी आणलं, फडक्याने काच पुसली. निघालो. शहराबाहेर येईपर्यंत सगळं ठीक होतं.

मग ट्रेलर लागले. डोंगराकडे कसली कसली बांधकामं चालली आहेत, त्यांचे ट्रेलर. रस्ता ओला, आणि त्या चाकांतून उडणारा राडा काचेवर पडला की तिथेच थिजायचा. वायपर फिरवला की दोन्ही बाजूंना मातीचे कमानदार फराटे. मग थांबायचं, उतरायचं, पिण्याच्या पाण्याची बाटली काचेवर ओतायची, पुसायचं. पाणी ओतलं की तेवढ्यापुरतं साफ. गाडी वेगात आली की वाऱ्याने त्या ओल्याची दुधट साय धरायची. पुन्हा थांबा. पंपावर निळं पाणी विचारलं तर तिथला पोऱ्या आश्चर्याने म्हणाला, होतं, काल सगळं संपलं. बाकीचे लोक शहाणे होते.

अब्बा पुढे बसून काचेकडे बघत होते. बाहेर डोंगर सुरू झाले होते, काळे, तांबूस, पावसाने धुतलेले. माझ्या बाजूच्या काचेतून मला ते दिसत होते. अब्बांच्या बाजूलाही काच होती, पण बाजूचं त्यांना दिसत नव्हतं. त्यांच्यापुढे राडा होता.

"सलाइन कर," ते एकदम म्हणाले.

"काय?"

"मिठाचा पानी. आमच्या टाकीतला पानी कधी गोठला काय? लाद्या गोठायच्या, टाकी नाय गोठायची. मीठ टाक."

इरफानचा चेहरा उजळला. मलाही पटलं. खरं म्हणजे आम्हाला सगळ्यांनाच तेव्हा काहीही पटलं असतं. एका बकाल्यातून मिठाची पुडी घेतली, बाटल्यांत ढवळली, आणि अब्बांनी स्वतः खाली उतरून, मफलर मागे टाकून, काचेवर ते पाणी ओतलं. गोठलं नाही! राडा सुटून ओघळला. इरफानने टाळी वाजवली. झोया म्हणाली, "नाना इज अ जीनियस!" अब्बा असे काही सीटवर बसले, की जणू नुकतीच एक मोठी होडी भरून दिली.

गाडी चालू लागली. वारा काचेवर आला. पाणी वाळलं, आणि त्या काचेवर मीठ उमटलं. आधी कडेला, मग मधे, मग सगळीकडे. वायपरने ते जाईना, उलट घासून पसरलं. आणखी मिठाचं पाणी ओतलं, आणखी पांढरी झाली. वळणावर ऊन समोर आलं की सगळी काच एकदम पेटायची आणि पलीकडचं काहीच उरायचं नाही. बाहेर ऊन पडलं होतं, हे त्यामुळेच कळलं.

"थांब," मी म्हटलं. "इरफान, थांब. दिसत नाही."

"पुढे जागा आहे तिथे थांबतो."

"तुला जागा दिसतेय?"

त्याचं उत्तर यायच्या आत ट्रेलरचा भोंगा वाजला. अगदी जवळ. इरफानने गाडी उजवीकडे खेचली, चाक डांबरावरून उतरलं, दगड पोटाखाली आदळले आणि आम्ही तिरके होऊन थांबलो. ट्रेलर भोंगा वाजवतच निघून गेला. कुणाला लागलं नाही. झोया रडत होती. अब्बांनी दोन्ही हात पुढे डॅशबोर्डवर रोवले होते आणि ते समोर, पांढऱ्या काचेकडे बघत होते.

मग मी बोलले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याला बोलू नये अशी आमच्याकडे रीत आहे, इथे तर माझा बाप होता, तरी मी बोलले. छतापर्यंत कॅन रचलेत तुझ्या गोदामात, आणि माझ्या बापाला तू एसीच्या पाण्यावर आणलंस. इरफान स्टिअरिंग धरून बसला होता. अब्बा म्हणाले, "त्याला कशाला बोलतेस? मीठ माझा होता." खरं होतं. मीठ त्यांचं होतं. काच पांढरी झाली ती त्यांच्या मिठाने, आणि तरी मला राग आला तो इरफानचाच. आजही येतो. तो कुणावर काढणार? आंधळा होत चाललेल्या माणसावर?

बऱ्याच वेळाने एक पिकअप थांबला. त्यातून फरवा घातलेला एक म्हातारा बदू, इथला वाळवंटी माणूस, उतरला. त्याने काच पाहिली, बोट फिरवून जिभेला लावलं, आणि "मिल्ह?" म्हणून इतका हसला, की त्याला गाडीला टेकावं लागलं. मीठ! पिकअपमधल्या आपल्या मुलाला हाका मारून त्याने ते दाखवलं. मग आम्हाला सोडेना. आधी गहवा, म्हणजे त्यांची कॉफी, मग खजूर, मग काम. इरफान घड्याळ दाखवत होता, मी "बदरी, बदरी" म्हणत होते, तो म्हणत होता, बसा, बर्फ कुठे पळून जातोय? अब्बांना त्याने आपला फरवा पांघरला. दोघे म्हातारे रस्त्याकडेला शेगडीपाशी बसले, एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. एरवी या पाहुणचारावर मी दोन पानं लिहिली असती. त्या दिवशी प्रत्येक घोटाबरोबर मला चढणारं ऊन तेवढं दिसत होतं.

शेवटी त्याने आपल्याकडचं निळं पाणी काढलं, काच धुतली, उरलेली बाटली आम्हाला दिली आणि म्हणाला, "यल्ला." निघा.

नाक्यावर

पुढचा रस्ता स्वच्छ दिसला. समोरून गाड्या येत होत्या, एकामागून एक, आणि प्रत्येकीच्या बॉनेटवर बर्फाचा ढीग. ही इथली मोठी हौस. डोंगरावरून परतताना बॉनेटवर बर्फ रचून आणायचा, गावात मिरवायचा, त्यात झेंडा खोवायचा. आमच्याकडे गड चढून आलेले लोक पाण्याची बाटली भरून आणतात तसं. झोया त्या गाड्या बघून ओरडत होती. मला एवढंच दिसत होतं, की त्या सगळ्या खाली येत होत्या.

नाक्यावर पोलिसाने हात आडवा केला. वरचा रस्ता बंद. गर्दी झाली, बर्फ वितळून घसरडं झालं. इरफान खाली उतरला. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दाखवला, अब्बांकडे बोट दाखवलं, स्वतःचे डोळे दाखवले, हाताने हे संपतंय, हे संपतंय अशी खूण केली. इतक्या वर्षांत मी त्याला कुणापुढे असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. पोलीस तरुण होता, वाईट नव्हता. "वल्लाह, या अमी," तो अब्बांना म्हणाला, काका. मग इरफानला म्हणाला, "खलास. सकाळी यायचं होतं."

दूर, वर, काळ्या कड्यांच्या मधे पांढरे तुकडे दिसत होते. मला दिसत होते. मी अब्बांचा खांदा धरला. "ते बघा अब्बा, त्या सुळक्याच्या डावीकडे, वर, अजून वर." ते मान फिरवत होते, त्या खिडकीएवढ्या नजरेत डोंगर पकडायला बघत होते. मग थांबले. "हां हां," म्हणाले. "दिसला." ते उजवीकडे बघत होते. तिथे टॉवर होता.

तेवढ्यात एक कुटुंब वरून येऊन नाक्यावर थांबलं. बाईंनी अब्बांना पाहिलं असावं. त्यांनी नवऱ्याला काहीतरी सांगितलं आणि त्याने बॉनेटवरचा बर्फ ओंजळीने काढून अब्बांच्या हातात दिला. वाटेतल्या धुळीने करडा झालेला, अर्धा पाणी झालेला. अब्बांनी तो डोळ्यांजवळ नेला. दोन बोटांत चुरला. वास घेतला. कारखान्यात गिऱ्हाइकाला माल दाखवायचे तसा हात थोडा पुढे केला, आणि हळूच, कुणाला लागू नये अशा बेताने म्हणाले, "ह्यो तर आपला भुगा."

झोयाने विचारलं, "क्या बोले नाना?"

"छान हाय बोललो," अब्बा म्हणाले. हात झटकून त्यांनी तो जाकिटाला पुसला.

परत

परतीचा प्रवास उलट्या क्रमाने तोच होता. त्यात सांगण्यासारखं काही नाही. इरफानने पंपावर निळ्या पाण्याचे दोन कॅन घेतले आणि टाकी फुटलेली असल्यामुळे ते डिकीत ठेवले. काच स्वच्छ राहिली. पाहायला वाळू होती. आठवड्याच्या शेवटी अब्बा विमानात बसले, खिशात थेंबांच्या बाटल्या घेऊन.

परवा त्यांचा फोन आला. बंदरावरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. मागे गलका होता. म्हणाले, "हा कासीमचाचा विश्वास ठेवत नाय. तू सांग त्याला." आणि फोन दिला.

"काय गो," कासीमचाचा ओरडले, "तुझा बाप सांगतो, सौदीत अख्खा डोंगर पांढरा होता. वरून कापसासारखा पडत होता, आवाज म्हणून नाय. गुडघ्याएवढ्यात उभा राहिलो बोलतो. खरा काय?"

बाल्कनीच्या दारात इरफान उभा होता. ऐकत होता.

"हो चाचा," मी म्हटलं. "गुडघ्याच्याही वर होता."

अब्बांनी फोन परत घेतला. गलका मागे पडला, म्हणजे ते टपरीपासून दूर गेले असावेत. जाताना कुणीतरी त्यांना सांगत होतं, पायरी आहे, पायरी. मी विचारलं, थेंब घालता ना? हो म्हणाले. मी विचारलं, "आता कितपत दिसतं, अब्बा?"

"उजेड कळतो. पांढरा, पांढरा. आपल्या त्या काचेवर मीठ आलेला बग, तसा."

मी फोन ठेवला.  इरफानने एसीच्या नळीखालची भरलेली बादली उचलली, तिथे दुसरी सरकवली, आणि पाणी घेऊन तो खाली गाडीकडे गेला.